कमानीची कड

फर्स्ट कॉपी घड्याळांना आम्ही हात लावत नाही, असं नौपाड्यातले दोन-तीन घड्याळवाले छातीठोकपणे सांगतात. खोटं बोलतात मेले. मी निदान उघडपणे करते. खोटं घड्याळ खऱ्यासारखं दिसावं म्हणून जेवढा जीव काढावा लागतो तेवढा खऱ्याला लागत नाही, आणि मला जीव काढायचं काम आवडतं. जिन्याखाली साडेसहा फुटांचं दुकान आहे माझं. आधी नवऱ्याचं होतं. नवऱ्याचं नाव धाकू. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण मेलेल्याचं आयुष्य आणखी किती कमी होणार? त्यानंच मला हे काम शिकवलं आणि त्यानंच मला सव्वीस वर्षं मारलं. दोन्ही कामं तो मन लावून करायचा. तो गेला तेव्हा मला दुःख झालं नाही. रडले, ते शेजारणी बघत होत्या म्हणून.

सुदेश माझ्याकडे आला तो दिवाळीनंतर. पस्तिशीचा असेल, जिममध्ये कमावलेले दंड, राहायला डोंबिवली पूर्वेला, धंदा शीळ रोडच्या जागा मिळवून देण्याचा. काउंटरवर त्यानं मनगटाएवढं रुंद घड्याळ ठेवलं. पाणबुड्यांच्या एका महागड्या इटालियन घड्याळाची कॉपी. घड्याळाच्या बाजूला वेळ लावायचं जे बोंड असतं त्याला आम्ही चावी म्हणतो. या घड्याळात चावीवर अर्ध्या चंद्राच्या आकाराची पोलादी कमान असते आणि कमानीच्या मधोमध एक खटका. खटका बंद केला की तो चावीला आत दाबून धरतो, मग पाणी शिरत नाही. घड्याळाची सगळी ओळख म्हणजे ती कमान. कॉपीवाले नेमके तिथेच मार खातात.

"काकू, परवा ठाण्यात मीटिंगला बसलेलो," सुदेश म्हणाला. "समोरच्या शेठनं बोटानं खटका उडवला. टिचकी मारली की उघडतोय. म्हणाला, कुठल्या जत्रेत घेतलं? सगळे हसले. डोकंच फिरलं माझं. घरी गेलो तरी उतरलं नव्हतं."

घरी गेल्यावर ते कोणावर उतरलं, हे मी विचारलं नाही. मी आयग्लास डोळ्याला लावला आणि कमान बघितली. कडा वापरलेल्या साबणासारख्या गुळगुळीत होत्या. खऱ्या घड्याळात तिथे सपाट पातळी दुसऱ्या पातळीला मिळते आणि मधे लखलखीत कड उठते.

"दोन दिवस लागतील," मी सांगितलं. "खटक्याची पिन नवी घालते, कमानीला धार आणते. मग कोणाच्या बापाला ओळखू येणार नाही."

त्यानं वहीत आपलं नाव, पत्ता, नंबर लिहिला. डाव्या हातानं लिहिला. डावखुरी माणसं बहुतेक उजव्या हातात घड्याळ घालतात, चावी आड येऊ नये म्हणून. हा डाव्यातच घालायचा, चारचौघांसारखा. ते तेवढं माझ्या लक्षात राहिलं.

त्या कमानीवर मी दोन दिवस घालवले. दोन स्क्रू काढून ती वेगळी केली. काळ्या मार्करनं रंगवायची, काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर घासायची, शाई कुठे उरली ते बघायचं, पुन्हा रंगवायची, पुन्हा घासायची. शाई एकदम सगळीकडून गेली की पातळी सपाट झाली. बाहेरची कड तर मी अशी आणली की शिवणाचा दोरा नुसता टेकवला आणि तुटला. खटक्याला जाड पिन बसवली. आता तो अंगठा लावून जोर दिल्याशिवाय उघडत नव्हता. सुदेशनं घड्याळ हातात घातलं, मनगट फिरवून फिरवून बघितलं आणि म्हणाला, "एक नंबर, काकू." मला आनंद झाला. मेलं कौतुक कोणाला नको असतं?

तीन आठवड्यांनी, मंगळवारी अकराच्या सुमारास एक मुलगी आली. असेल तिशीची, मला मुलगीच. स्कूटरवाल्या पोरी गुंडाळतात तसा तोंडाला स्कार्फ. पर्समधून तिनं तेच घड्याळ काढलं.

"काकू, हे तुम्हीच करून दिलंय ना?"

"हो. काय झालं, खटका सैल पडला?"

"नाही, तो घट्ट आहे." ती दारातून बाहेर बघत होती. "ही बाहेरची कड गोल करून मिळेल का? पहिली होती तशी."

मला रागच आला. "कोणी सांगितलं गोल करायला? तो तर खूश होऊन गेला. दोन दिवस घातलेत मी त्याच्यावर."

तिनं स्कार्फ खाली घेतला. डाव्या गालाच्या हाडावर, डोळ्याच्या दोन बोटं खाली, तीन टाके होते. टाक्यांची रेघ सरळ नव्हती. ती अर्ध्या चंद्रासारखी वळली होती आणि खालच्या टोकाला जरा सरळ झाली होती, कारण तिथे घासताना माझ्या हातून पातळी केसभर लांब गेली होती. स्वतःच्या हाताचं काम माणूस ओळखतो. 

"उलटा हात मारतात," ती म्हणाली. "आधीपण मारायचे. पण फुटायचं नाही. आता फुटतं."

तिचं नाव संचिता, सुदेशची बायको. आत स्टुलावर बसवलं तिला, पाणी दिलं. सुदेश एकपर्यंत ठाण्यातच एका कामात अडकला होता. पट्ट्याला आणखी एक भोक पाडायचं या निमित्तानं त्यानं हिला घड्याळ घेऊन पाठवलं होतं. म्हणजे आमच्या हातात दोन तास होते.

"पोलिसात गेलीस का?"

"एकदा गेलेले. दोघांना बसवून समजूत घातली. घरी आल्यावर ह्यांनी परत समजूत घातली."

"माहेर?"

"आई महाडला, भावाकडे. भावाला नोकरी ह्यांनीच लावून दिलीये." मग ती थोडी पुढे सरकली आणि आवाज खाली आणला. "काकू, मी निघणारच आहे. एक तारखेपासून कल्याणला एका दवाखान्यात रिसेप्शनला लागणार. डॉक्टर बाई राहायची सोय करतायत. बॅग पलंगाखाली भरून ठेवलीये. आज एकोणीस. बारा दिवस काढायचेत फक्त. रिसेप्शनला फुटलेलं तोंड घेऊन कसं बसणार? आणि टाके घालायला गेलं की डॉक्टर विचारतात, मग ह्यांना संशय येतो मी काही बोलले का. मार खाईन मी बारा दिवस. नुसतं फुटायला नको."

किती शांतपणे बोलत होती. पोरीनं हिशोब घालून ठेवला होता सगळा. मला तिचा अभिमान वाटायला हवा होता. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण तिच्या जागी मला मी दिसत होते.

"माझाही असाच होता," मी म्हटलं. "नऊ वर्षं झाली जाऊन."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? या टेबलाचे कोपरे कानशीनं गोल केले. घड्याळाचं झाकण दाबून बसवायचा पितळी प्रेस होता, तो गादीखाली लपवायचे. सव्वीस वर्षं मी सगळं गोल करत बसले."

 मी तिला सांगितलं, चाळीस मिनिटं लागतील, कोपऱ्यावर जाऊन चहा पिऊन ये. ती गेली आणि मी कमान हातात घेतली.

बाहेरची कड मी खरंच गोल केली. ते खोटं नाही. पण तेवढ्यावर माझं समाधान होईना. पुन्हा कोणा पुरुषासाठी काही गोल करून द्यायचं, याचाच मला संताप आला होता. खटका उघडला की त्याचं टोक हाताच्या बाजूला येतं. घड्याळ डाव्या मनगटावर असेल तर ते टोक पंज्याच्या पाठीकडे असतं. उलटा हात मारताना पंजा मागे वाकतो. स्वतःच्या हातावर करून बघा. पंज्याची पाठ घड्याळावर टेकते. मी खटक्याची खाच इतकी घासली की बोटानं दाबला तर घट्ट वाटावा, पण जोराचा दणका बसला की निसटून त्याच्याच पंज्यात घुसावा. मग टोक उगाळलं. आधी कानशीनं, मग दगडावर, शेवटी चामड्यावर. अंगठ्याच्या नखावर ओढून बघितलं तर नखाचा पापुद्रा निघाला.

एकदा मारेल, मग आयुष्यात हात उचलणार नाही. असं माझं डोकं चालत होतं. घड्याळ बंद पडलं की मी चाक बदलते, स्प्रिंग बदलते, ते चालायला लागतं. माणूसही तसाच सुधारतो असं मला वाटलं. आजार म्हशीला आणि औषध पखालीला. एवढी साधी गोष्ट मला त्या दिवशी कळली नाही.

संचिता परत आली तेव्हा मी तिला कड बोटानं चाचपून दाखवली. "झाली गोल." खटक्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. सांगितलं असतं तर ती घाबरली असती, तिच्या तोंडावर दिसलं असतं, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती. ती जाताना माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.

कोपरीला घरी जाताना मी पुलावरून बोंबील घेतले. कुरकुरीत तळून खाल्ले आणि रात्री मेल्यासारखी झोपले. फार दिवसांत अशी झोप लागली नव्हती.

सुदेश आला तो रविवारी दुपारी दोन वाजता. नौपाड्यात त्या वेळी निम्मी शटर खाली असतात. शेजारचा झेरॉक्सवाला रघु तेवढा जागा असतो, तोही कानात गाणी घालून. सुदेशच्या डाव्या हाताला कोपरापासून बोटांपर्यंत बँडेज होतं, टोकाला चार बोटं उघडी. उजव्या हातानं त्यानं शटर अर्ध्याच्या खाली ओढलं आणि घड्याळ माझ्या तोंडावर फेकलं. ते कपाळाला लागून खाली पडलं.

"ए म्हातारे. काय करून ठेवलंस हे?"

"काय झालं?"

"शीर तुटली माझी. अंगठा उचलत नाही. डॉक्टर म्हणतो ऑपरेशन."

"हात कशावर आपटला होतास?" मी विचारलं. मला तोंड बंद ठेवता येत नाही, लहानपणापासून येत नाही.

त्यानं काउंटरची काच लाथेनं फोडली. आतली दुरुस्तीची घड्याळं काचांसकट फरशीवर आली. फळी उचलून तो आत घुसला, माझे केस मुठीत धरले आणि माझं तोंड टेबलावर आपटलं. पहिल्यांदा आपटलं तेव्हा नाक गेलं. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा मला धाकूचा वास आला. खरंच आला, विडीचा आणि तेलाचा. नऊ वर्षांपूर्वी राख झालेल्या माणसाचा वास.

"बायकांनी मिळून प्लॅन केला काय?" तो माझ्या कानात ओरडत होता. "भोक पाडायला पाठवली होती तिला. ती काय बोलली तुला? तिला विचारलं मी. तीन दिवस विचारतोय. बोलत नाही. तू सांग."

"तिला काही माहीत नाही," मी म्हटलं. तोंडात रक्त होतं, शब्द नीट फुटेना. "खटका मी केला. तिला सांगितलंही नाही. ती नुसती..."

"खोटं बोलते." त्यानं तिसऱ्यांदा आपटलं.

तोल सावरायला त्यानं डावा हात टेबलावर टेकवला. माझ्या डोळ्यासमोर, वीतभर अंतरावर ते बँडेज होतं. माझी छोटी पितळी हातोडी नेहमीच्या जागी होती. घड्याळवाल्याला आपलं हत्यार डोळे मिटून सापडतं. मी हातोडी उचलली आणि बँडेजच्या मधोमध घातली. तो किंचाळला आणि गुडघ्यावर आला. मी पुन्हा घातली. मग पुन्हा. पांढरं बँडेज आतून लाल होत गेलं ते मी बघत होते आणि मारत होते. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

टेबलाच्या कोपऱ्याला एक लोखंडी शिकंजा बसवलेला आहे, पट्ट्याच्या कड्या वाकवायला. दोन बोटं मावतील एवढा. तो खाली बसून हात पोटाशी धरायला बघत होता. मी त्याचं मनगट ओढलं, मधली दोन बोटं शिकंज्यात घातली आणि दांडी फिरवली. जिममधले दंड आता काही कामाचे नव्हते. तो उजव्या हातानं माझी साडी ओढत होता, पण हललं की बोटं तुटत होती.

"कुठे आहे ती?"

"घरी. कुलूप लावलंय. सोड. आईशप्पथ सोड."

"शुद्धीत आहे?"

त्यानं तोंड फिरवलं. मी दांडी अर्धा फेरा फिरवली. सुपारी फुटावी तसा आवाज आला.

"सकाळी हलत नव्हती," तो रडत म्हणाला. "झोपलीये वाटलं मला. पलंगाखाली बॅग सापडली म्हणून डोकं गेलं माझं. बत्ता हातात आला ओट्यावरचा."

सकाळी हलत नव्हती आणि घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. हा माणूस तिला तशीच टाकून, दाराला कुलूप लावून, ठाण्याला माझ्याशी भांडायला आला होता. माझ्यातला सगळा राग एकदम विझला आणि नुसती भीती उरली. मी त्याच्या खिशातून किल्ल्या काढल्या, वहीतलं त्याच्या पत्त्याचं पान फाडून घेतलं. शिकंज्याची दांडी ओढून काढली आणि पदरात बांधली, म्हणजे त्याला तो उघडता येऊ नये. शटरखालून बाहेर आले, शटर खाली ओढलं, कुलूप घातलं.

रघु दारात आला होता. माझं तोंड बघून त्याच्या हातातले कागद पडले.

"पोलिसांना फोन कर," मी सांगितलं. "म्हणावं, माणूस आत कोंडलाय. आणि ह्या पत्त्यावर अॅम्ब्युलन्स पाठव, डोंबिवलीला. बाई मरतेय तिथे." वहीतलं पान मी त्याच्या हातात दिलं. पत्ता मला पाठ झाला होता.

रिक्षावाला आधी बसवून घेईना. नाकातून रक्त, केस सुटलेले, पदराला लोखंडी दांडी. दोनशेच्या दोन नोटा पुढे केल्या तेव्हा निघाला. मुंब्र्याच्या बायपासला ट्रक उभे होते, शीळ फाट्याला त्याहून जास्त. मी त्याला शिव्या दिल्या, ट्रकवाल्यांना दिल्या, सिग्नलला दिल्या. आरशातून बघत तो म्हणाला, "मावशी, उडून जाऊ का?" मी म्हटलं, जा. सगळ्या वाटेनं मी एकच गोष्ट घोकत होते, की बत्ता डोक्यात बसला नसेल, हातावर बसला असेल. हातावर सगळं भरून येतं. मला माहीत होतं ते.

तिसरा मजला, दाराला दोन कुलपं. माझे हात केसाएवढे स्क्रू बसवतात, पण त्या दिवशी किल्ली भोकात जाईना. समोरच्या दारातून एक बाई बघत होती. "टीव्ही चालू आहे वाटलं आम्हाला," ती म्हणाली. मी कोणाला विचारलं नव्हतं.

संचिता स्वयंपाकघरात होती, फ्रीज आणि ओट्याच्या मधल्या फटीत, जिथे सिलिंडर ठेवतात तिथे. सिलिंडर बाहेर ढकलून ती स्वतः आत शिरली होती. त्या जागेत बत्ता फिरवता येत नाही. मार खाताखाता एवढं शहाणपण सुचलं होतं पोरीला. फरशीवर रक्त वाळून काळं झालं होतं आणि त्यात तिचे कपडे पडले होते, बॅगेतून उपसलेले, घडी केलेले, काहींना अजून इस्त्रीची रेघ. उजवा हात कोपराखाली भलतीकडे वळला होता. डोक्याची डावी बाजू सुजून कान दिसत नव्हता. मी तिच्या नाकाशी बोट धरलं. श्वास होता.

"बाळा, मी आलेय," मी म्हटलं आणि तिच्या कपाळाला हात लावायला गेले. तिनं डोळे उघडले नाहीत, पण धड असलेला हात तोंडावर घेतला.

ट्रॅफिकमध्ये अडकलेली अॅम्ब्युलन्स येईपर्यंत पंचवीस मिनिटं मी फरशीवर बसून राहिले. तिला हात लावला नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. संचिता वाचली. दोन ऑपरेशनं झाली, हाताच्या हाडाला पोलादी पट्टी घातली, चार दात गेले. डाव्या कानानं आता तिला ऐकू येत नाही आणि येणारही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सुदेशला अटक झाली. त्याची शिकंज्यातली दोन बोटं कापावी लागली. माझ्यावरही केस झाली, मी जामिनावर सुटले. घड्याळ पंचनाम्यात गेलं. खटक्याचं टोक मुद्दाम धार लावलेलं आहे का, असं इन्स्पेक्टरनं मला विचारलं. मी हो म्हटलं आणि सही केली. नौपाड्यातल्या बायका दुकानात येऊन माझ्याकडे कौतुकानं बघून जात होत्या. एकीनं तर नारळ ठेवला. कल्याणच्या डॉक्टर बाईंनी चार तारखेपर्यंत वाट बघितली आणि मग दुसरी मुलगी ठेवली.

मी रोज हॉस्पिटलमध्ये जायचे. पेज घेऊन जायचे, नाचणीचं सत्त्व घेऊन जायचे. महाडहून तिची आई आली होती, ती माझ्या हातून डबा घ्यायची आणि रडायची. संचिता बहुतेक झोपलेली असायची किंवा झोपल्यासारखी. विसाव्या दिवशी ती उठून बसलेली होती. आई औषधं आणायला खाली गेली होती. माझ्या मनात होतं, आज ती माझा हात धरेल. स्वतःच्या मनातलं लपवून काय उपयोग? मी आभार ऐकायला गेले होते.

"त्याची दोन बोटं गेली," मी तिला सांगितलं. "आता कोणावर उचलेल हात तो?"

"उजवा आहे," संचिता म्हणाली. दात नसल्यामुळे तिला सावकाश बोलावं लागत होतं. "मला उजव्यानंच मारलं शेवटी."

मी डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"मी गोल करायला सांगितलं होतं, काकू."

"केली होती गं. कड गोलच केली होती."

"आणि खटका?"

 त्याला अद्दल घडावी म्हणून, असं काहीतरी पुटपुटले. एकदा त्याला लागलं असतं म्हणजे कळलं असतं, असंही म्हटलं. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. रागाचं काय करायचं ते मला समजतं.

"त्याच्या हातातून रक्त आलं ना," ती म्हणाली, "तेव्हा मला काहीच कळेना. मी फडकं घेऊन धावले. तो म्हणाला, तू केलंस. मी म्हटलं, नाही. तीन दिवस नाही म्हणत होते. मला माहीत असतं तर निदान पळाले तरी असते."

"मला वाटलं तू घाबरशील."

"तुमचा मेलेला होता, काकू. माझा संध्याकाळी घरी यायचा होता."

एवढं बोलून ती दमली. उशीवर टेकली आणि भिंतीकडे तोंड करून, उजव्या कुशीवर वळली. मी खुर्ची जवळ ओढली आणि तिला सांगायला लागले, की तिनं आता माझ्याकडे कोपरीला राहावं, मी तिला काम शिकवीन, दुकान तिच्या नावावर करीन, धाकूनं मला काय काय केलं होतं तेही सगळं सांगायला लागले, जे मी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, की तिचा चांगला कान उशीत होता आणि वर, माझ्या बाजूला, तिनं बहिरा कान केला होता. तरी मी बोलत राहिले.